कॉम्प्युटर हिरवा, हात लाल

नगरच्या एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, एका पत्र्याच्या शेडमध्ये मी नोकरीला लागले तेव्हा मला वासातलं काहीच कळत नव्हतं. मी मिरजगावच्या शेतकऱ्याची मुलगी. संगमनेरला राहून रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं, एवढीच माझी शिदोरी. शेडमध्ये अगरबत्तीत, साबणात, केसांच्या तेलात घालायचे सुवास तयार व्हायचे. धंद्यात त्यांना ‘कंपाउंड’ म्हणतात. मालक तरुण होते. सुवासाची सूत्रं तपासणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी नुकतंच घेतलं होतं आणि ते चालवायला त्यांना कुणीतरी हवं होतं.

कंपाउंड बनवायचे ते मालकांचे मामा. त्यांना सगळे चाचा म्हणत. उंच, सडपातळ, डोक्यावर जाळीची टोपी. चार-पाच वास हुंगून झाले की ते कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावून उभे राहायचे. मी टक लावून बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

“नाक थकतं, बेटा. आपल्याच अंगाचा वास घेतला की परत ठिकाणावर येतं.”

दुपारचे डबे खाऊन झाले की चाचा त्यांची उर्दूत लिहिलेली वही उघडायचे. ते वाचून दाखवायचे आणि मी टाइप करायची. कुठलं तेल, किती. मग हा सुवास कशात जाणार तेही सांगावं लागे. साबण धुतला जातो, तेल अंगावर तसंच राहतं, अगरबत्ती तर अंगाला लागतच नाही. त्यामुळे प्रत्येकाची मर्यादा निराळी. सगळं मर्यादेत असलं की पडद्यावर हिरवी खूण यायची, एखादं तेल जास्त झालं की लाल. हिरव्या खुणेवर सुरक्षिततेचा दाखला छापून निघायचा.

पहिली लाल खूण आली ती चाचांच्या लाडक्या सूत्राला. संगमनेरच्या पलीकडे एका गावात एक ताई शेळीच्या दुधाचा साबण करायच्या. त्यांना हिवाळ्यासाठी उबदार वास हवा होता, आणि ज्या दुकानात साबण जाणार होता तिथल्या दुकानदारानं दाखला मागितला होता. चाचांनी सढळ हातानं दालचिनीचं तेल घातलं होतं.

“लाल का म्हणून?” चाचांनी विचारलं.

“दालचिनी जास्त झालीय चाचा. एवढ्यानं कुणाच्या अंगावर पुरळ उठू शकतं.”

“दालचिनी तर तुझी आई मसाल्यात घालते.”

“पोटात चालतं ते कातडीला चालेलच असं नाही ना.”

चाचा वही मिटून उठले. “माझ्या वासानं आजवर कुणाला काय झालं न्हाई,” एवढं बोलून ते गेले ते दोन दिवस फिरकलेच नाहीत. मला फार वाईट वाटलं. पण मी दालचिनी कमी केली, हिरवी खूण आणली, दाखला छापला. कामगारांनी त्या आकड्यांवरून कंपाउंड मिसळलं आणि ते टेम्पोनं ताईंकडे गेलंसुद्धा. मालक “शाब्बास” म्हणाले. मी घरी फोन करून आईलाही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी चाचा आले. रुसवा विसरून त्यांनी नव्या सूत्राचा एक लहान डबा स्वतः मिसळला, बाहीत नाक खुपसून पुन्हा पुन्हा वास घेतला. संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटांच्या बेचक्या लालभडक झाल्या होत्या, कातडीला बारीक चिरा पडल्या होत्या.

“तुझा कॉम्प्युटर हिरवा आणि माझे हात लाल. कोण खरं?”

“हे कधीपासून आहे चाचा?”

“लई वर्षं झाली. मी म्हणायचो, धंदाच असा हाय. पण दालचिनी हाताळली तरच होतं, हे तू लाल खूण दाखवल्यावर घरी बसून ध्यानात आलं. आता तू दालचिनी कमी केली म्हणतेस. मग आज का खाजतंय?”

मी सूत्र पुन्हा उघडलं. चाचांनी एकेका ओळीवर बोट ठेवलं आणि एका ओळीवर ते थांबलं. ‘गरम बेस.’ हा त्यांनी आधीच मिसळून कॅनमध्ये भरून ठेवलेला मसाला. मी तो एकच माल म्हणून टाकला होता. आत काय आहे ते विचारलंच नव्हतं.

“त्यात काय काय आहे चाचा?”

“दालचिनी, लवंग, थोडा ऊद. ह्याला न्हाई सांगितलं?”

सॉफ्टवेअरला सांगितलं नव्हतं, म्हणून त्याच्या लेखी त्या कॅनमध्ये काहीच नव्हतं. मी तिथंच आतली सगळी तेलं एकेक करून टाकली. खूण लाल झाली. ज्या दाखल्यावर शाब्बासकी घेतली, तो खोटा होता.

मी जाऊन मालकांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताईंना आत्ता फोन लाव. एक वडी विकायची नाही म्हणावं. उद्या जाऊन ये.”

दारातून चाचा म्हणाले, “पोरीला एकटीला कशाला धाडतोस? चूक त्या कॅनची बी हाय. मी जातो संगं.”

सकाळच्या एसटीत चाचांनी मला खिडकीची जागा दिली. मी रात्रभर जुळवलेली माफी मनात घोळवत होते. राहुरी मागे पडल्यावर ते म्हणाले, “माझ्या उस्तादांनी पहिल्या महिन्यात माझ्या हातून अख्खा कॅन उलथलेला पाहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच नवा कॅन भरायला बसवला.” एवढंच बोलले आणि झोपी गेले.

ताई अंगणात उभ्याच होत्या. “आवो, दाखला तुमीच दिला आन तुमीच म्हनता विकू नका? दुकानदाराला काय तोंड दाखवू मी?”

“चूक माझी आहे ताई,” मी म्हणाले. जुळवलेली बाकीची वाक्यं आठवलीच नाहीत.

नशीब एवढंच, की असा साबण काही आठवडे वाळवावा लागतो. त्यामुळे सगळ्या वड्या अजून फळ्यांवर मांडलेल्या होत्या. एकही कुणाच्या अंगाला लागली नव्हती. ताईंकडे बिनवासाचा साबणही बराच पडून होता. मी लॅपटॉप उघडला. वासाचा साबण किसून त्यात किती साधा साबण मिसळला की दालचिनी मर्यादेत येईल ते काढलं. या वेळी उत्तर दोनदा तपासलं, मग चाचांना ओळ न् ओळ वाचून दाखवली.

“आता काय राहिलं न्हाई?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“राहिलं न्हाई,” चाचा हसले.

दिवसभर आम्ही ओसरीवर बसून साबण किसला. चाचांना मी किसणीला हात लावू दिला नाही. ते आमच्या मधोमध बसून ताईंच्या सासूबाईंशी शेळ्यांच्या जातींवर बोलत राहिले. दुपारी ताईंनी पिठलं-भाकरी वाढली. तोवर त्यांचा राग बराच निवळला होता. किसलेला साबण मोठ्या पातेल्यात पातळ होऊ लागला तशी त्या म्हणाल्या, “वास मातुर लई गोड हाय, चाचा. आईच्या शालीवानी.”

चाचांनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले.

पुढच्या आठवड्यात मी चाचांना कातडीच्या डॉक्टरांकडे नेलं. पाठीवर औषधाच्या पट्ट्या चिकटवून तपासणी झाली. दालचिनीच्या पट्टीखाली लाल चट्टा उठला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे सक्तीचे केले आणि दालचिनीचा कॅन दुसऱ्यानं उघडायचा असं बजावलं. चाचा हातमोज्यांना शिव्या घालतात, “बोटं आंधळी झाली” म्हणतात, पण घालतात. चिरा भरल्या आहेत. ईदला त्यांनी मला शीरखुर्म्याचा डबा दिला तेव्हा माझी नजर आधी त्यांच्या बोटांवर गेली.

शेडमधल्या प्रत्येक बेसमध्ये काय काय आहे ते आम्ही दोघांनी मिळून सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढलं. महिना गेला त्यात. काही कॅनमध्ये काय आहे ते वहीतही नव्हतं, चाचा नाकानं सांगत आणि खात्री नसली की म्हणत, “हा वापरायचा न्हाई. लाल ठेव.” ताईंच्या साबणासाठी त्यांनी नवा वास बसवला. दालचिनी नावापुरती, ऊब आणायला वेलदोडा आणि देवदार. सात वेळा बदलला. सातव्यांदा मी आकडे टाकत असताना ते माझ्या खुर्चीमागे श्वास रोखून उभे होते. खूण हिरवी झाली, तरी ते हलले नाहीत. त्यांनी नव्या वासात बुडवलेली कागदाची पट्टी माझ्या नाकाशी धरली.

“आता तू सांग.”

मी हुंगलं. मग पट्टी त्यांच्या हातातून घेऊन पुन्हा हुंगलं.

“बस,” चाचा म्हणाले, “छाप दाखला.”