सावळारामाचं नाक

उत्रोलीचा सावळाराम वरंध घाटातून भाताची लॉरी महाडला नेई. कोणी घाई केली, की फटकन म्हणे, "आदी नाकाला इचारतो." हसणारे हसोत, त्यात खोटं काही नव्हतं. उतारावर ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आवळणाऱ्या पट्ट्या, तापले की करपट वास सुटतो. हा वास कितव्या वळणावर आला, त्यावरून लायनर अजून तग धरतील की बदलायला आलेत, हे तो बसल्या जागी सांगे. महायुद्धामुळे नवे लायनर मिळता मिळत नसत. मालक आनंदराव त्याच्या नाकावर विसंबून जुनेच पुरवून वापरत.

एका पावसाळ्यात सावळारामाला ताप आला. ताप उतरला, पण वास कायमचा गेला. शेण नाही, अत्तर नाही. लॉरी हातची जाईल या धास्तीनं त्यानं तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

बायकोला, ठकुबाईला, मात्र कळलं. आधी तो बांधावरूनच ओळखायचा, घरात आंबेमोहोर शिजतोय म्हणून. आता तीच दारातून ओरडून सांगू लागली, "आज आंबेमोहोर हाय बरं का!" शेजारपाजारात नवऱ्याची लाज राहावी, एवढंच बिचारीच्या मनात. दोघांनी हा विषय कधी काढला नाही.

दिवाळीनंतर भरली लॉरी घाट उतरत होती. पोत्यांवर माणसं बसली होती. त्यांत तान्हं लेकरू घेऊन सासरी निघालेली फुलाबाई होती. मधेच ती ओरडली, "दादा, लई करपतंय वं! पोर गुदमारतंय!"

 सावळारामानं ब्रेक दाबला. पाय थेट तळाला गेला. खालचा गिअर टाकून त्यानं लॉरी डोंगराच्या अंगाला घासत नेली, तेव्हा कुठं ती थांबली. चाकाखाली दगड लावून ते खोललं, तर लायनर पार झिजले होते आणि त्यांना ठोकलेले तांब्याचे रिबीट ड्रमला घासून लखलखत होते.

"वास कवाधरनं येत व्हता?" त्यानं विचारलं.

"वरनंच की," एक म्हातारा म्हणाला. "पर तुमी हाकताय म्हनल्यावर आमी कशाला बोलावं?"

 आपल्या भरवशावर ही सगळी माणसं गप्प राहिली, हे सावळारामाला सोसवेना. त्यानं सगळ्यांना पायी खाली धाडलं.

भोरहून कसेबसे नवे लायनर आले. ते बसवून झाल्यावर आनंदराव म्हणाले, "झालं की! उद्यापासून हाक."

"लायनर बदलता येत्यात मालक," सावळाराम म्हणाला. "माजं नाक न्हाई येत." आणि सगळ्यांसमक्ष त्यानं खरं काय ते सांगून टाकलं.

घरी आला तेव्हा ठकुबाई सवयीनं दारात आली. "आज आंबेमोहोर..."

"वरडू नगंस, ठकू. समद्यांना सांगून आलोय. लॉरी सोडली."

ती चौकटीला धरून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले. चुलीवर भात तसाच होता. मग आत जाऊन तिनं ताट वाढलं. तो जेवू लागला.

"खाली लागलाय वं भात," ती हळूच म्हणाली. "करपलाय."