गुडघ्याखालची पिकं

फौजीमामांनी आयुष्यात ऊस लावला नाही. देवळाली प्रवरेत, पाटाचं पाणी बांधाशी असताना, हा माणूस मेथी, कांदा आणि गुरांचा घास यांच्या पुढे गेला नाही. गुडघ्याच्या वर वाढणारं पीक त्यांना नकोच असे. "फौजी उसाला भ्यायला," असं लोक हसून म्हणत. "व्हय, भ्यायलोय," मामाही हसत. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं.

तरुणपणी ते लंकेच्या जंगलात लढले होते. शांतता राखायला गेलेली फौज तिथं गनिमी युद्धात अडकली. "समोर येतो त्यो दुश्मन लई बरा. तिथं झाडच गोळी मारायचं," एवढंच ते सांगत. एकदाच बोलले, की पायवाटेवर दोऱ्याएवढी सुरुंगाची तार आडवी असायची आणि तिनं पुढं चालणारा त्यांचा जोडीदार नेला. मग कांद्याला पाणी द्यायला निघून गेले.

एका दुपारी मामी शेजारच्या उसात गवत कापायला गेल्या, मोबाईल घरीच. थोड्या वेळाने त्याच उसात बिबट्या शिरताना लोकांनी पाहिला. आम्ही बांधावर डबे बडवत होतो, पण आत जायची छाती कुणाची होईना. मामा आले, घामाने निथळत क्षणभर उभे राहिले आणि शिरले.

वाटलं, हाका मारत धावतील. ते वाकले, एक वाळकी काडी घोट्यापुढे धरली आणि एकेक पाऊल चाचपत टाकू लागले. "मामा, हाक मारा की!" मी ओरडलो. त्यांनी ओठावर बोट ठेवलं. बिबट्या त्यांच्या गावीही नव्हता. ते दिसेनासे झाले, मग पानांची सळसळही थांबली.

तेवढ्यात पाटाच्या कडेने, डोक्यावर भारा घेऊन, मामी आल्या.

"कशाला जमलाय रं?"

"मामा उसात गेलेत, तुमाला हुडकायला."

भारा खाली पडला. मी त्यांचा हात धरला. "मामी, आत बिबट्या हाय."

"बिबट्याचं काय घिऊन बसलास!" हात झटकून त्या शिरल्या. मीही मागे गेलो.

मामा फार आत नव्हतेच. सरीत ठिबकची काळी नळी आडवी पडली होती आणि तिच्यापुढे ते एक पाय उचलून थिजले होते. ती नळी आहे, हे मामींनी सांगितलं नाही. "अहो, मी आले. वळा. मी पाय ठिवीन तिथंच ठिवा."

मामांनी त्यांचा दंड घट्ट धरला. "तू पुढं नको."

"बरं. मंग बरोबर जाऊ."

सरीत दोन माणसांना जागा नसते. दोन्ही बाजूंचा ऊस मोडत ते दोघं शेजारी शेजारी चालत बाहेर आले.