लोखंडाच्या धड्याचे नाना

आमचे नाना, म्हणजे माझे जेठ, थोरले दीर, तोतारामभाऊ, धुळ्याला देवपूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. सकाळी ओट्यावर बारावीच्या मुलामुलींची शिकवणी घेतात. आमच्यात जेठ आणि भावजय समोरासमोर बोलत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचं माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून. पण ओट्याची भिंत आणि माझी चूल पाठीला पाठ लावून, त्यामुळे दरवर्षी त्यांचा अणुकेंद्राचा धडा मी भाकरी थापता थापता ऐकला आहे.

हायड्रोजन सगळ्यांत हलका. त्याची चार केंद्रं जुळून हेलियम होतो, तेव्हा जुळलेल्याचं वजन सुट्या चारांपेक्षा जरासं कमी भरतं. तो हरवलेला कण म्हणजेच ऊन. सूर्य त्याच्यावरच चालतो. मी रोज सूर्याला पाणी घालते, तेव्हा ते आठवतं आणि हात जोडले जातात. युरेनियमचं उलटं. ते इतकं जड की फुटलं की तुकड्यांचं मिळून वजन कमी, आणि तेवढी ऊर्जा बाहेर. मधे लोखंड. त्याची गाठ सगळ्यांत घट्ट; ती सोडवायला गेलं तर ऊर्जा मिळत नाही, उलट घालावी लागते. नाना म्हणायचे, "हलक्यांना जोडा, जडांना फोडा, लोखंडाच्या वाटेला जाऊ नका." एकदा एक मुलगी म्हणाली, सर, मग भाऊ भाऊ वेगळे निघाले की उजेड पडत असेल. नाना म्हणाले, पडतो, पण ते आधी जड असावे लागतात. ओटा हसला. मीही आत हसले.

नानांची बायको वाल्मीकला मागे ठेवून लवकर गेली. वाल्मीक माझ्या मांडीवर वाढला. सत्त्याऐंशीच्या ज्येष्ठात काविळीने गेला. इंजिनिअरिंगला होता.

नाना रडले नाहीत. तेराव्यानंतर शिकवणी सुरू झाली. धडा तोच, आवाज तोच. फक्त आमच्या पंगतीत बसणं सुटलं. ताट ओट्यावर घ्यायचे, निम्मं ठेवायचे. मी ताट उचलायचे, घासायचे. मलाही काही होत नव्हतं. देवपूजा करत होते, हात चालत होते.

त्या वर्षी दुःखामुळे कानबाई, आमची श्रावणातली देवी, बसवली नाही. पुढच्या श्रावणात सासूबाईंनी, झुंबरबाईंनी, मनावर घेतलं. आमच्याकडे पहिला घास घरातल्या मोठ्या पुरुषाने खाल्ल्याशिवाय रोट, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या पुरणपोळ्या, कोणी खात नाही. म्हणजे नानांना पंगतीत बसावंच लागणार. म्हातारीचा सगळा जीव त्यात होता. मला म्हणाल्या, तो यंदा बसला नाही तर पुढे कधीच बसायचा नाही.

रोटाच्या गव्हाची आमची रीत अशी की घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेत त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात घालायचे. सासूबाई डोळे मिटून घालत होत्या. तोताराम. सुकदेव, म्हणजे माझे मालक. आणि मग हात थांबलाच नाही. वाल्मीक म्हणाल्या आणि मूठ सुटली.

डोळे उघडले तेव्हा गहू गव्हात मिसळले होते.

मालक म्हणाले, तेवढे काढून टाका. आता ते देवीचं झालं म्हणून सासूबाईंनी सूप पोटाशी धरलं. "कानबाईनं शे ते आते. काढता येत नही." मालक म्हणाले, मेलेल्याचा वाटा घरात कसा शिजवायचा. दोघं बोलत राहिली. मी जात्याजवळ बसून होते. शेवटी म्हातारी म्हणाली, तोतारामले इचारा, आणि लगेच तिलाच ते नको झालं. त्याला कळलं तर तो पंगतीत यायचा नाही.

पण नाना ओट्यावरून उठून आले होते. उंबऱ्याशी उभे राहिले. मी पदर ओढून घेतला. त्यांनी सुपाकडे पाहिलं. मग, आईला नाही, मालकांना नाही, मला म्हणाले,

"सुंदरबाई, राहू द्या. घट्ट बसलेलं सोडवायला आपल्याच पदरचं घालावं लागतं. माझ्याकडे आता घालायला काही नाही. तसंच दळा."

त्यांच्या तोंडून माझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. मी जात्यात मूठ टाकली.

रविवारी कानबाई बसली. पुरणपोळ्या झाल्या, खीर झाली, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी झाली. सासूबाई दाराकडे बघत होत्या. नाना आले, पाटावर बसले. पहिला घास खाल्ला. मग बाकीच्यांनी हात घातले. ताट संपल्यावर ते उठले नाहीत. मी न विचारता आणखी एक पोळी वाढली. रोट बाहेरच्याला देत नाहीत, टाकतही नाहीत. ती कोणाच्या वाट्याची ते सगळ्यांना कळलं. नानांनी ती तूप न घेता सावकाश खाल्ली, शेवटच्या कडेपर्यंत.

सासूबाई रडल्या. नाना नाही. मीही नाही.

रोटाचं पीठ संपेपर्यंत ते रोज पंगतीत बसले, आणि नंतरही बसत राहिले. माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. शिकवणीत लोखंडापाशी आले की अजूनही तेच वाक्य म्हणतात. मी भाकरी उलटते.