चूल, शेगडी, स्टोव्ह आणि आयस

ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आयशीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, पापण्या उलटून पाहिल्या, टॉर्च मारला आणि तिला काही न विचारता मलाच विचारलं, "घरात चूल आहे ना?"

मी हो म्हटलं.

"थेंब देतो. पण धूर बंद करा. धूर चालू राहिला तर नजरही जाईल. शिकलेले दिसता, तुम्हाला जास्त सांगायला नको."

शिकलेले दिसता. हे वाक्य त्या काळात मला फार आवडायचं. आमच्या खाडीकाठच्या गावात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बापूस मिठागरावर, त्याचा बापूसही मिठागरावर. आणि मी मुंबईच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन कल्याणच्या हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. आयस मला चार घरचं भात-कांडण करून शिकवणारी बाई. तिचे डोळे वाचवायचे तर काय, धूर घालवायचा. उष्णतेवर मी वर्गात चाळीस मिनिटं बोलत असे. मला वाटलं, हे काम माझ्या डाव्या हाताचा मळ आहे.

आयशीची चूल तिने स्वतः घातलेली होती. खाडीच्या बांधाची चिकण माती, भाताचं तूस आणि शेण एकत्र तुडवून. पुढे मोठं तोंड, बाजूला वैल. मोठ्या तोंडावर भात, उरलेल्या धगीवर वैलावर कालवण. जाळायला तिवराची लाकडं. खाडीतल्या चिखलात वाढलेलं ते लाकूड कितीही वाळवा, आतून ओलंच. तडतडायचं, फुसफुसायचं, आणि धूर असा की दारातून येणारा माणूस आधी खोकायचा, मग बोलायचा. पण त्या धुरात बसलेल्या आयशीचा भात कधी करपला नाही, कधी कच्चा राहिला नाही. लहानपणी मला वाटायचं, भात असाच होतो. ती कुणाची तरी करामत आहे हे कळायला मला शास्त्राची पदवी घेऊन पुढे आणखी एक वर्ष लागलं.

मी प्रयोग मांडला. दर रविवारी एक साधन, दोन शेर पाणी, झाकण लावलेला तोच पितळी टोप, आणि हातात घड्याळ. वहीत रकाने आखले: पेटायला लागलेला वेळ, उकळी यायला लागलेला वेळ, धूर, राख, जळण.

पहिली आली लोखंडी शेगडी आणि दगडी कोळसा. ती अंगणात पेटवावी लागे, आणि पेटेपर्यंत तिचा धूर चुलीपेक्षा भारी. पण एकदा कोळसा लाल झाला की काय शोभा! आत मावळता सूर्य ठेवल्यासारखा. आम्ही ती हौसेने आत आणली, थंडी होती म्हणून दार लावलं, आणि तासाभराने बापूस डोकं धरून बाहेर आला. "हिच्यापरास मिठागरावर उन्हात बसलेला बरा," म्हणाला. शेगडी पुन्हा अंगणात गेली. शिवाय ती मंद करता येत नाही. कोळसा ऐकत नाही कुणाचं.

दुसरी भुशाची. कल्याणच्या लाकडाच्या वखारीतून पोतं भरून भुसा आणला. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद ओढून काढायची, खालच्या भोकातून पेटतं लाकूड सरकवायचं. मधल्या पोकळीतून आग सरळ वर येते आणि दुपार सरेपर्यंत एकसारखी जळत राहते. ते पाहून मी खरोखर थक्क झालो होतो. फेकून द्यायचा भुसा, आणि नुसती पोकळी नीट ठेवली की त्याची आग होते! पण दमट हवेत भुसा ओला झाला की पहिल्या अर्ध्या तासात घरातला माणूस घरातल्या माणसाला दिसेना.

आणि तिसरा, पितळेचा पंपाचा स्टोव्ह. ठाण्याच्या बाजारातून वर्तमानपत्रात गुंडाळून आणला, सोबत भोक साफ करायची पिन. स्पिरिटचा काकडा लावला, बर्नर तापला, चावी बंद करून चार पंप मारले, आणि घासलेटाची निळी ज्योत भस्सकन उभी राहिली. धूर नाही. राख नाही. सगळं घर त्या आवाजाने भरून गेलं. बापसाने हात जोडले. खरंच जोडले, थट्टा नाही. आयशीने स्टोव्हला हळदकुंकू लावलं, पुढे नारळ फोडला. दारात बाया गोळा झाल्या. उकळीची वेळ मी वहीत लिहिली. चुलीच्या निम्म्यात पाणी उकळलं होतं.

आमची आत्या शेजारच्याच घरात राहायची. रोज सकाळी ती खापरीत आमच्या चुलीतला निखारा न्यायला यायची, कारण आयस आदल्या दिवसाचा विस्तव राखेखाली पुरून जिता ठेवायची. आत्याने स्टोव्हकडे बघितलं, कमरेवर हात ठेवले.

"वयनी, उद्या इस्तव मागाला आली तं काय देशील? पिन?"

सगळ्या हसल्या. आयसही हसली. मी वहीत लिहिलं: पहिला क्रमांक, पंपाचा स्टोव्ह.

आठवड्याभरात तो रुसला. ज्योत पिवळी पडायची, भकभक करायची, टोप काळा व्हायचा. मी पिन मारायचो, दोन दिवस चालायचा, पुन्हा तेच. वॉशर बदलला. घासलेट फडक्यातून गाळून घेतलं. बी.एस्सी.च्या पुस्तकात दाब आणि बाष्प यांची प्रकरणं काढून वाचली. शेवटी शाळा सुटल्यावर कल्याणला स्टेशनजवळच्या स्टोव्हवाल्याकडे नेला. म्हाताऱ्याने बर्नर उलटा करून हातावर आपटला. चिमूटभर सुकी माती पडली. त्याने ती बोटांत चोळून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, स्टोव्हवर भात शिजवता का पेरता?"

घरी गेलो तर आयस अंगणात बसून टोपाच्या बुडाला मातीचा लेप देत होती. चुलीवर ठेवायच्या प्रत्येक भांड्याला ती तो देत आलेली. काजळी मातीवर धरते, मातीसकट धुऊन जाते, पितळ राहतं. माझ्या डोळ्यांसमोर ती रोज हे करत होती, आणि स्टोव्हच्या धगीने तोच लेप तडकून खाली भोकात पडत होता. मी सगळी पुस्तकं उघडली, फक्त तिच्या हाताकडे पाहिलं नाही.

"आये, याच्यावर काजळी नसते ग. माती कशाला?"

"तू सांगितला नाय," ती म्हणाली. "तू तं निसता घड्यालात बगतस."

माती थांबली. स्टोव्ह सुरळीत झाला. आणि आता भात बिघडायला लागला.

एके दिवशी खाली लागलेला, दुसऱ्या दिवशी वर कच्चा. ज्या बाईचा भात मी कधी बिघडलेला पाहिला नव्हता, तिच्या टोपात पळीने खरवडायची वेळ आली. बापूस खरवड ताटाच्या कडेला सारून जेवायचा. मग एका दुपारी शाळा लवकर सुटली, मी घरी आलो, तर स्टोव्ह कोपऱ्यात फडक्याखाली झाकलेला आणि चूल भडभडत होती. धुरात आयस पदराने डोळे पुसत बसलेली. तिचे डोळे लाल, सुजलेले.

माझं डोकं फिरलं. "आंधळी होयाचा हाय काय तुला? डॉक्टर काय बोलले? मी एवढा आणून दिलाय, धूर नाय, काय नाय, आणि तू पोरासारखी लपून चूल पेटवतेस!" रागावलो की माझी पुस्तकी भाषा अशीच गळून पडायची.

तिने लाकूड मागे ओढलं, ज्वाळा बसवली. मग हळूच म्हणाली, "बाला, तो लय वरडतो रं."

"वरडू दे की!"

"तो वरडतो, तं मना भात आयकाला येत नाय."

मला कळेना. भात ऐकायचा कसा? तिने मला हात धरून खाली बसवलं, चुलीपाशी, टोपाजवळ. आत राता तांदूळ शिजत होता, आमच्या शेतातला लालसर, जाडा. झाकण ती उघडेना.

"आयक. आता पानी बोलतंय. खदाखदा. तांदूल अजून गप हाय. जरा थांब." आम्ही बसून राहिलो. धुराने माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. "आता बग, आवाज जाड झाला. बुडबुडं फुटत नायत, दबतात. ह्यो भात बोलतोय. आता जाल मागं घेवाचा." तिने लाकूड ओढलं. पुन्हा थोडा वेळ. माझ्या कानाला काहीच फरक कळेना. मग एकाएकी कळला. आत जे चाललं होतं ते बारीक होत होत, वाळूवर पाणी जिरावं तसं संपलं. "दोगंव गप झाली," आयस म्हणाली. "उतर."

मी टोप उतरवला, झाकण काढलं. शीत बोटांत दाबलं. मऊ, मोकळं, मधे कण नाही.

"झाकण काढून बघत का नाहीस?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर समजलं.

"काडून काय बगू?" ती म्हणाली. "तीन वर्सा झाली. टोपात बगला तं निसता पांडरा दिसतो. पानी हाय का भात हाय, सारखाच."

"आणि डॉक्टरांना सांगितलं नाहीस?"

"तो मना इचारला कुटं? तुनाच इचारला."

डॉक्टरांच्या खुर्चीत ती बसलेली होती, पापण्या तिच्या उलटल्या होत्या, आणि मी शिकलेला म्हणून तिच्या वतीने हो, नाही म्हणत होतो. तीन वर्षं ती कानाने रांधत होती. धगीचा अंदाज हाताच्या पाठीने, भाकरी पलटायची वेळ वासाने, भात आवाजाने. त्या तीन वर्षांत मी कॉलेजात परीक्षांना बसलो, पास झालो, तिच्या हातचं रोज जेवलो. मला कधी संशय आला नाही. इतकं चोख काम डोळस माणसालाही जमत नाही. आजवर मी पुष्कळ प्रयोगशाळा पाहिल्या, मोठमोठी माणसं पाहिली. पण त्या दुपारी त्या धुरात मला जे वाटलं, तसं मोठेपणापुढे लहान होऊन बसणं पुन्हा कधी घडलं नाही.

मी वही काढली. पाच रकाने होते. आवाजाचा नव्हता.

ठाण्याच्या त्याच दुकानात एक वातीचा स्टोव्ह होता. आधी मी तो हातातही घेतला नव्हता. दुकानदारच म्हणाला होता, "हा हळू आहे, तुम्हाला पंपाचाच शोभेल." गोल पत्र्याचा, आत वातींचं कडं, वर जाळीची दोन नळकांडी. आता तोच मागितला. पेटवून दाखवा म्हटलं. त्याने पेटवला, मी काउंटरवर कान टेकवला. दुकानदार म्हणाला, "काय साहेब, बिघडलाय का?" मी म्हटलं, "नाही. गप्प आहे. हाच द्या."

त्याला उकळी आणायला पंपाच्या दुप्पट वेळ लागतो. वाती कातराव्या लागतात, नाहीतर एक बाजू धुरकटते. विझवताना घासलेटाचा वास सुटतो आणि आत्या नाक धरून अंगणभर फिरते. हे सगळं मी वहीत लिहून ठेवलं आहे. पण वर करता येतो, खाली करता येतो, आणि जळताना त्याची ज्योत काही म्हणत नाही.

चूल मोडली नाही. आयशीने ती मोडू दिली नसती, आणि मलाही आता मोडावीशी वाटत नव्हती. परसात, मोकळ्यावर, बापसाने छपराचा तुकडा टाकला आणि तिथे तिने नवी चूल घातली. भाकरी तेवढी तिथे, कारण शेवटी निखाऱ्यापुढे उभी केल्याशिवाय ती फुगत नाही, आणि स्टोव्हला निखारा नाही. धूर वाऱ्याने खाडीकडे जायचा. आत्याचा विस्तवही चालू राहिला.

डॉक्टरांकडे पुन्हा गेलो तेव्हा मी खुर्चीपासून लांब, दाराशी उभा राहिलो. "तिलाच विचारा," म्हटलं. आयशीने त्यांना सगळं सांगितलं, टोपातल्या पांढऱ्यासकट. ते बराच वेळ पाहत होते. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाले. सूज उतरली आहे, उरली आहे ती टिकेल. येताना रस्त्याने तिने माझा दंड धरला होता, पण खड्डा आला की पावलाच्या अंदाजाने मला आधी तीच सांगायची.

त्या दिवशी वातीच्या स्टोव्हवर भात ठेवला. पंपाचा स्टोव्ह मी पुढे शाळेच्या प्रयोगशाळेला देऊन टाकला. मी डॉक्टरांबद्दल, थेंबांबद्दल, पुढच्या खेपेबद्दल काहीतरी बोलत होतो. वर्गात बोलतो तसा, एकामागून एक.

"गप रं जरा," आयस म्हणाली. तिने मान टोपाकडे कलती केली होती. "भात बोलतोय."

मी गप्प बसलो.