तारेला हात लावू नकोस

लग्नाची शूटिंग कापून, गाणी लावून, डीव्हीडी करून द्यायचं काम मी नाशिक रोडच्या आमच्या रो-हाऊसच्या वरच्या खोलीत करायचे. मिक्सिंग म्हणायचे सगळे त्याला. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. माझं मशीन वर, डीव्हीडी रायटर असलेलं नवऱ्याचं मशीन खाली हॉलमध्ये, आणि दोन्हींच्या मध्ये नवऱ्याने स्वतः जिन्यातून ओढलेली तार. तो एका कंपनीत मेंटेनन्सला होता, त्यामुळे तारा, जॅक, स्विच हे त्याचं खातं. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचे. इथे लिहिताना ते जमणार नाही.

फाइल वरून खाली जायला लागली की जीव नकोसा व्हायचा. पट्टी अर्ध्यावर येऊन थांबायची, उरलेला वेळ मिनिटांवरून तासांवर जायचा, आणि कधी कधी शेवटाला येऊन कॉपीच रद्द. नवरी दिवाळसणाला माहेरी आली तरी तिची डीव्हीडी तयार नसायची. गिऱ्हाईक फोनवर वाट्टेल ते बोलायचं.

म्हणून मला नाशकातच, द्वारका चौकात गाळा हवा होता. दोन्ही मशीन एका टेबलावर, दाराला माझी पाटी. घरात मी अवाक्षर काढलं नव्हतं, कारण सासूबाईंचं मत ठाऊक होतं. धंद्यासाठी वरच्या खोलीत मी वेगळा फोन घेतला होता. गाळ्याचा मालक फुलांचा व्यापारी, त्याच्याशी त्या फोनवरच सगळं ठरवत आणलं होतं. चावी घ्यायला गेले तर तो म्हणाला, "ताई, तुमच्या घरूनच नको म्हणून फोन आला ना. मी दिला दुसऱ्याला."

मला वाटलं, बाई बघून टाळतोय. घरात कुणाला ठाऊकच नाही, तर फोन करणार कोण? त्याला खोटारडा म्हणून मी रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत रडले.

गाळा गेला, निदान घरातलं तरी नीट करू म्हणून मी स्पीडच्या मागे लागले. नवरा म्हणाला, नेटवर्कचं कार्ड जुनं आहे, नवीन घातलं. म्हणाला, अँटिव्हायरस जड आहे, काढला. मग म्हणाला विंडोजच खराब झालंय, आणि एका रविवारी सगळं पुसून पुन्हा टाकलं. त्यात माझे जमवलेले फॉन्ट आणि इफेक्ट गेले ते गेलेच. वर 'नाचता येईना अंगण वाकडं' हे मलाच ऐकवायचा. मी तारेचं नाव काढलं की मात्र आवाज चढायचा. "तारेला हात लावू नकोस. तार मी टाकलीय, तार ओके आहे."

वरचा फोन वाजला की कॉपी अडकते, हे माझ्या लक्षात आलं होतं. त्याला सांगितलं तर हसला. "फोनचा आणि फाइलचा काय संबंध? उद्या म्हणशील, कुकरच्या शिट्टीने अडकते."

शेवटी तो कामावर गेलेला असताना मी माझा सीपीयू उचलून खाली आणला, नवऱ्याच्या मशीनशेजारी ठेवला आणि हातभर तारेने तिथल्या नेटवर्कच्या स्विचला जोडला. तासन्‌तास रखडणारी फाइल मी चहा करून येईपर्यंत पोचली होती. म्हणजे मशीन ठीक, विंडोज ठीक, खोट जिन्यातच. मी तारेवरची केसिंगची पट्टी उचकटली.

त्या तारेच्या पोटात आठ बारीक वायरी असतात आणि फाइलींना चार पुरतात. उरलेल्यांतली निळी जोडी कापून टेलिफोनच्या वायरीशी पिळलेली होती. वरचं टोक माझ्या फोनच्या डबीत. खालचं टोक भिंतीतून सासूबाईंच्या खोलीत. फोन वाजला की फाइल का अडकते, ते आता कळलं. मी त्या वायरीच्या मागोमाग गेले. कपाटात, ठेवणीतल्या लुगड्यांमागे एक फोन होता, घंटी बंद केलेला. उचलला तर माझ्याच लाइनचा टोन.

वरचा फोन वाजला की सासूबाई जपाला म्हणून खोलीत जायच्या, दार लोटून. मला वाटायचं, काय भक्ती आहे बाईंची!

त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. निफाडकडच्या; डगमगणाऱ्यांतल्या नव्हत्याच. "मंग? घरातल्या बाईचं कुठं काय चाललंय, ते कळाया नको? लय शिकली म्हणून काय मोकाट सोडायची?" मला राग आला, पण तो झेपण्यासारखा होता. त्यांच्याकडून मी कधी वेगळी अपेक्षा केलीच नव्हती.

नवरा आला तेव्हा तो फोन मी टेबलावर ठेवला होता. त्याने पाहिला, बूट काढले.

"ती जोडी मोकळीच होती," तो म्हणाला. "आईने मागे लागून हैराण केलं होतं."

"आणि गाळ्याच्या मालकाला फोन कुणी केला?"

"मीच केला. आईने सांगितलं तेव्हा. तुला तोंडावर नाही म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस? उगाच घरात तमाशा."

"तारेमुळेच फाइल अडकते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"शंका होती."

शंका होती. आणि तरी त्याने मला कार्ड बदलायला लावलं, विंडोज पुसलं, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊ दिल्या, मला खुळ्यात काढलं. कपाटातला फोन सापडू नये एवढ्यासाठी. हा राग झेपण्यासारखा नव्हता.

विषय संपला, असं त्याला वाटलं असावं. चहा घेऊन तो उठला, हत्यारांची पिशवी आणली. फोनची वायर सोडवली, खराब टोकं कापली, आठही वायरी रंगांप्रमाणे ओळीत लावून आधी वर, मग खाली नवा जॅक दाबला. हात सफाईचा होता त्याचा, ते मी नाकारत नाही. मग माझा सीपीयू परत वर नेऊन जोडला आणि एका लग्नाची अख्खी फाइल खाली सोडली. पट्टी कुठेही न थांबता सरकत गेली आणि भरली.

"बघ," तो म्हणाला, "आता आहे का काही तक्रार?" आणि मी खूश होण्याची वाट बघत तिथेच उभा राहिला.