रेवतीचे कमी झालेले मार्क

रेवती ‘एकदाही नाही’ म्हणाली आणि माझं सगळं फिरलं.

तिला जाऊन आज वर्ष झालं.

सरांशी भांडून मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं होतं. उस्मानपुऱ्यात पोटविकाराच्या एका दवाखान्यात काम मिळालं. आतड्याच्या जुनाट आजारात माणूस रोजचं कसं जगतो, हे तिथल्या डॉक्टर मॅडमना मोजायचं होतं. मी पेशंटना प्रश्न वाचून दाखवायचो, उत्तरावर टिक करायचो. जास्त मार्क म्हणजे बरं चाललंय.

रेवती पुंडलिकनगरची. आतड्याला कायमची सूज. कधी संडासला पळावं लागेल, नेम नाही.

पहिल्याच दिवशी म्हणाली, “कॉलेज सोडलेला माणूस माझी परीक्षा घेणार व्हय?”

मी तिथंच गेलो कामातून.

पोटामुळं ठरवलेला कार्यक्रम किती वेळा रद्द केला, विचारलं.

“एकदाही नाही.”

फुल मार्क. माझं डोकं सटकलं. म्हटलं, खोटं नको बोलू.

“मी काही ठरवतच नाय रे. रद्द काय करू?”

तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. प्रश्नच चुकलाय म्हणून टेबलावर हात आपटला. वाटलं, नोकरी गेली. पण मॅडमनी ऐकलं. आता आधी विचारायचं, काही ठरवलं होतं का?

पुढच्या खेपेला रेवतीला तेच विचारलं.

मग म्हणाली, “रविवारी पैठण. एसटीनं. तू पण चल.”

सकाळपासून उपाशी राहून ती बसमध्ये चढली. तरी वाटेतच बिडकीनला उतरावं लागलं. एका हॉटेलवाल्याच्या बायकोनं तिला घरात नेलं. बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक. तिथूनच परत फिरलो. मला रडू येत होतं, आणि ही हसत होती.

सोमवारी स्वतःहून दवाखान्यात हजर.

“लिही. ठरवलं होतं. अर्ध्यात रद्द.”

मार्क धाडकन खाली आले.

आणि ती बोर्डात पहिली आल्यासारखी उभी.

कागद म्हणत होता, पोरगी खालावली. मी बघतच राहिलो. एवढी जिवंत मी तिला कधी बघितलीच नव्हती.

नंतर ऑपरेशन झालं. इन्फेक्शन झालं, शुद्धीवर आलीच नाही. गेली.

मला आठवते ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. हॉस्पिटलातल्या तिच्या खोलीत मी एकदाचं बोलून टाकलं, लई आवडतेस.

“हे ठरवून आलास, का आत्ता सुचलं?”

“ठरवून.”

“मग रद्द नको करू.”

सिस्टर आल्या, वेळ संपली म्हणाल्या. सकाळी भेटूच, असं धरून चाललो मी. निरोप घेतलाच नाही.

तो आज, तुझ्या त्याच रिकाम्या खोलीत उभा राहून घेतो, रेवती. सुखानं राहा.

मी बाहेर आलो. दार लावलं.