शिट्टीसरांचा फोटो

आमच्या शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांना सगळे शिट्टीसर म्हणत. सव्वीस वर्षं शाळेचा फोटो निघाला, पण एकातही ते नाहीत. रांगा सरळ करता करता फोटो उरकायचा आणि हे आपले कॅमेऱ्याच्या मागेच. म्हणून विभागाचा आदर्श शिक्षक पुरस्कार त्यांना जाहीर झाला, तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, भिंतीवर आधीच खिळा ठोकून ठेवला.

"अहो, ती शिट्टी इकडे द्या," निघताना काकू म्हणाल्या. "आणि आज फोटोत दिसला नाहीत, तर घरी येऊ नका."

"अगं, मी काय लहान आहे?" म्हणत सरांनी गळ्यातली शिट्टी काढून दिली.

ढाल मिळाली. मग फोटोसाठी सगळे मानकरी आणि प्रमुख पाहुणे स्टेजवर उभे राहिले. सर अगदी मधोमध होते. समोरून काकू डोळे वटारून बघत होत्या. सरांनी बरीच कळ काढली, पण पाहुण्यांचं पोट रांगेच्या चांगलं वीतभर पुढे आलं होतं.

शेवटी सरांनी दोन बोटं तोंडात घातली. शिट्टी अशी घुमली की पाहुणेसुद्धा ताडकन सावधानमध्ये.

"उंचीप्रमाणे! पोट आत!" म्हणत सर ढाल काखोटीला मारून रांग तपासायला कडेला गेले, आणि तेवढ्यात फोटोग्राफरने बटण दाबलं.

तो फोटो आता त्या खिळ्यावर आहे. कडेला अर्धी ढाल आणि एक कोपर दिसतं.

"हे आमचे," काकू आल्यागेल्याला कोपरावर बोट ठेवून सांगतात, "आणि रांग बघा, कशी सुतात आहे!"